त्या यादीत भाकरी कुठं आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दातांना तारा लावलेल्या मुलांनी काय खावं, यावर अर्धं पान आलं होतं. मी ते दोनदा वाचलं. मी मूल नाही, पण तारा मलाही आहेत. वय 46, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. लेख चांगला होता, शेजारी हसऱ्या मुलीचा फोटोही होता. पण 'हे खा' म्हणून जी चौकट दिली होती तिच्यात मॅश्ड पोटॅटो, पास्ता, स्मूदी, मफिन आणि क्रीम सूप. आणि 'हे टाळा'मध्ये पॉपकॉर्न, बेगल, कॅरॅमल. बेगल म्हणजे काय ते मी मुलाला विचारलं. त्यालाही मोबाईलमध्ये बघावं लागलं. म्हणजे जी वस्तू मी जन्मात खाल्ली नाही ती टाळायची, आणि जी दोन वेळा ताटात असते तिच्याबद्दल अवाक्षर नाही!

दोष तुमच्या एकट्याचा नाही. तारा बसवल्या त्या दिवशी दवाखान्यातही मला असाच एक गुळगुळीत कागद मिळाला होता, तोही इंग्रजीत. डॉक्टरीण बाई हुशार, हाताला हलक्या, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार कागदाबद्दल आहे. सांगली-मिरजेच्या माणसाच्या हातात द्यायच्या कागदावर भाकरी, भडंग, ऊस आणि बेदाणा नसेल तर त्या कागदाची पुडी बांधावी. गेल्या चौदा महिन्यांत मी जे शिकलो ते वहीच्या मागच्या पानांवर लिहीत गेलो, त्यातलं कळवतो. पत्र लांबलंय. कापायचंच तर माझी रडगाणी कापा, भाकरीचा भाग ठेवा.

या वयात तारा कशाला, हा प्रश्न यार्डात प्रत्येकानं विचारला. "काय ओ दिवाणजी, परत शाळेत नाव घातलं का काय?" एका हमालानं तर मला पाटी-पेन्सिल आणून द्यायची तयारी दाखवली. कारण साधं होतं. खालचे पुढचे दात बाजारात गाड्या लावाव्यात तसे एकमेकांवर चढलेले. मध्ये ब्रश पोचत नव्हता, हिरड्यांतून रक्त यायचं. आधी हिरड्या नीट केल्या, मग तारा. बाईंनी समजावलं ते मला पटलं: दात हाडात रोवलेला खुंट नाही. ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड हळूहळू विरघळतं, मागे नवीन भरत येतं आणि दात सरकतो. वय वाढलं म्हणून हे काम थांबत नाही, हिरड्या मात्र धड हव्यात.

पण हाड आणि दात यांच्यामधली जी नाजूक गादी असते ती या दाबानं सुजते आणि चावताना कळ उठते, हे मला त्या रात्री भाकरीनं समजावलं. तारा सकाळी अकराला बसवल्या. दुपारपर्यंत काहीच वाटलं नाही, म्हणून मी फुशारकीत डबा खाल्ला. रात्री ताटावर बसलो. शाळूची भाकरी, तव्यावरून उतरलेली, टम्म फुगलेली. नेहमीसारखी काठाला धरून पुढच्या दातांनी तोडायला गेलो आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. तुकडा तोंडात तसाच ठेवून मी बायकोकडे बघत बसलो. ना गिळवे ना थुंकवे. हीच गत दर खेपेला तार बदलली किंवा आवळली की होते. दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दुखतं, मग उतरत जातं, चार-पाच दिवसांत माणूस माणसात येतो. हे मला आता पाठ झालंय. पहिल्या खेपेला वाटलं, दोन वर्षं हे असंच.

मग मी काय केलं? चहा आणि बिस्कीट. सकाळी चहा-बिस्कीट, यार्डात चहा-पाव, रात्री गोड शिरा. मऊ खायला सांगितलंय ना, मग हे मऊच! पंधरा दिवसांनी हळदीच्या पोत्यांच्या काट्यावर उभा राहिलो तर 64 चा 61 भरलो. तोलाईवाला म्हणाला, "दिवाणजी, घट जास्त येतीया." अंगात ताकद नाही, सौद्याच्या वेळी उभं राहवेना.

वाट दाखवली आईनं. ती 78 वर्षांची, वरचे सगळे दात गेलेले. कवळी आहे, पण ती डबीत असते आणि पाहुणे आले की तोंडात जाते. मी शिऱ्याची ताटली पुढ्यात घेऊन तोंड वाकडं करून बसलो होतो आणि ती समोर कण्या खात होती. वाडगा भरून, ताक घालून, सावकाश, डोळे मिटून. म्हणाली, "तुला काय झालंय रडायला? तुला दात तरी हाईत. माझं दात गेलं तवा मला कुणी कागद दिला नव्हता."

संपादक महाराज, तिथं माझी ट्यूब पेटली. आपल्याकडे बिनदाताची म्हातारी माणसं, नुकतं खायला लागलेली पोरं, बाळंतिणी, तापातून उठलेली माणसं यांना काय घालायचं हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. पास्ता-मफिनच्या यादीपेक्षा ती यादी लांब आहे, स्वस्त आहे आणि तिच्यात दम आहे.

कण्यांचंच सांगतो, कारण नव्या सुनांना त्या माहीत नसतात. शाळूला पाण्याचा हात लावून थोडा वेळ ठेवायचा आणि मिक्सरमध्ये नुसती भरड काढायची (जातं असेल तर उत्तम, आमचं अंगणात उलटं पडलंय). पीठ चाळून बाजूला काढायचं, चाळणीत राहतील त्या कण्या. उकळत्या पाण्यात मीठ घालून त्या सोडायच्या आणि बोटात दाबल्यावर कण राहणार नाही इतक्या मऊ होईपर्यंत मंद आचेवर ढवळत राहायचं. वर ताक, वाटलेल्या लसणाची फोडणी. तार आवळलेल्या रात्री मी हेच खातो. गार ताक दुखऱ्या दातांना बरं वाटतं, हा वरचा फायदा. बर्फ मात्र चघळायचा नाही, त्यानं तार धरून ठेवणारी दातावरची चकती निघते.

भाकरीही सोडावी लागत नाही. तिची तऱ्हा बदलावी लागते. बायको आता पिठाची उकड काढून, चांगलं मळून भाकरी थापते, जरा पातळ. तव्यावरून काढली की फडक्यात गुंडाळून दुरडीत. ती कडक होऊ द्यायची नाही. काठ काढून टाकायचे. ते आमच्या घरी मुलगा खातो, त्याला आवडतात. मधला भाग हातानं बारीक कुस्करून त्यावर गरम आमटी किंवा दूध आणि दहा मिनिटं कुणी हात लावायचा नाही. मुरली की चमच्यानं खावी. पुढच्या दातांनी काही तोडायचं नाही, हा एकच नियम पाळला तर निम्मी लढाई जिंकली. पेरू, काकडी, गाजर, मक्याचं कणीस, काहीही असो, विळीवर किंवा सुरीनं बारीक करून दाढेखाली घ्यायचं. कणसाचे दाणे सोलून शिजवले तर चालतात. ऊस कशानंही चालत नाही. उसाच्या जिल्ह्यात राहून दोन हंगाम पेर सोलायचं नाही म्हणजे शिक्षाच, पण नाही म्हणजे नाही.

बाकी मुगाची खिचडी, पिठलं, गरगट्टं, वरणफळं, ज्वारीची आंबील, भरीत, अंड्याची बुर्जी, दहीभात. भरताची वांगी कृष्णाकाठची असावीत, पण बी फार असेल तर तारेत अडकतं, कोवळं वांगं बघून घ्या. शेंगदाणा अख्खा बंद. कूट करून दह्यात, आमटीत, भाजीत सढळ हातानं. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. ती बिस्किटाच्या पुड्यात कुठून येणार? दोन महिन्यांत मी परत 64 वर आलो, त्याच काट्यावर.

आता नुकसानीचं खातं. चौदा महिन्यांत माझ्या चार चकत्या निघाल्या. डॉक्टर त्यांना ब्रॅकेट म्हणतात. प्रत्येक खेपेला जादा हेलपाटा, आणि चकती निघाली की तेवढे दिवस तो दात जागच्या जागी, म्हणजे काम लांबलं.

पहिली गेली भडंगात. चार वाजता यार्डात भडंगाचा कागद फिरतो, सांगलीचा माणूस त्याला नाही म्हणू शकत नाही. मुरमुऱ्यानं काही केलं नाही, लसणाच्या तळलेल्या पाकळीनंही नाही. शेंगदाण्यानं घात केला. बायकोचं माहेर पंढरपूर, तिकडे मुरमुरे भिजवून, पिळून, फोडणीला टाकून सुशीला करतात. आता चार वाजता माझ्या डब्यात ती असते. भडंगाची सर तिला नाही. पण कोथिंबीर-लिंबू घालून केली तर भडंगाची आठवण कमी येते.

दुसरी अर्धवट पिकलेल्या पेरूनं नेली. त्याचं सांगण्यासारखं काही नाही, हाव.

तिसरीची मला अजून लाज वाटते. हळद वाळली की नाही हे बघायला हळकुंड मोडतात. चांगलं शिजून वाळलेलं असेल तर कट्कन आवाज होतो आणि आतला रंग दिसतो. राजापुरीचा एक लॉट आला होता, हळकुंड जाड, हातानं मोडेना. पंचवीस वर्षांची सवय, सरळ दाढेत धरलं. कट्कन आवाज झाला. मला वाटलं, काय कडक माल आहे! दर चांगला निघेल म्हणून मान हलवली, आणि जिभेवर बारीक खडा आला. ती चकती होती. शेतकरी बिचारा विचारत होता, "माल खराब हाय का मालक?" मी तोंड मिटून नुसतं 'उंहूं' करत होतो.

चौथी कशानं गेली असेल? पेनाच्या टोपणानं. बेरीज करताना टोपण चावायची खोड. आहाराच्या कुठल्याच यादीत टोपण येत नाही, पण कारकून, मास्तर, विद्यार्थी यांच्यासाठी ते वरच्या ओळीत लिहायला हवं.

हळदीवरून आठवलं. चकत्यांवर जे बारीक रबर बसवतात, ते मी पहिल्या खेपेला पांढरट, न दिसणारं निवडलं होतं. वय झालंय, रंगीत कशाला. तिसऱ्या दिवशी आरशात बघतो तर सगळे दात लग्नघरातले. बाई हसत सुटल्या. "तुम्ही हळदीत काम करता की हळद खाता?" म्हटलं, दोन्ही. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तेवढा रंग तिचा असणारच. काळजीचं काही नसतं, रबर दर महिन्या-दीड महिन्याला बदलतात. पण कागदावर एक ओळ असती तर मी पहिल्यांदाच राखाडी घेतलं असतं. आता तेच घेतो. तुमच्या लेखातल्या मॅश्ड पोटॅटोत हळद नसते, म्हणून ही अडचण तिकडच्यांना आली नसावी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथं मी आईच्या यादीलाही सोडणार नाही. मऊ आहे म्हणजे चांगलं आहे असं नाही. माझ्या पुतणीच्या तारा दोन वर्षांनी निघाल्या. दात ओळीत, सुंदर, पण प्रत्येक दातावर चकतीभोवती पांढरे खडूसारखे चट्टे. तिनं एकही चकती तोडली नव्हती! कडक काही खायचंच नाही म्हणून पोरगी केक, क्रीमची बिस्किटं, बाटलीतली सरबतं आणि कोल्ड्रिंकवर राहिली होती. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात आणि ते दाताच्या वरच्या कवचातला चुना ओढून घेतं. चकतीभोवती किटण साचून राहिलं तर महिन्याभरात डाग पडायला सुरुवात होऊ शकते. दिवसातून किती साखर खाल्ली, यापेक्षा किती वेळा खाल्ली, याला जास्त अर्थ आहे. म्हणजे जेवणानंतर एकदा बासुंदी खाऊन चूळ भरणारा माणूस सुटेल, पण दिवसभर कोल्ड्रिंकचा घोट घेत बसणारा सापडेल. माझं चहा-बिस्कीटही याच खात्यात.

चिकटणाऱ्या मालाचं आमच्या जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. द्राक्ष चालतं. बिनबियांचं, गार, दाढेखाली फुटणारं, तारा लावलेल्या माणसाला याहून सोयीचं फळ नाही. तेच द्राक्ष वाळून बेदाणा झालं की चकतीमागे जाऊन बसतं. चकती आणि हिरडी यांच्यामधली ती फट हरिपूरला हळद साठवायला जमिनीत खणलेल्या पेवासारखी असते, आत गेलेला माल महिनोन्महिने टिकतो. मी बेदाणे रात्री भिजवून, सकाळी कुस्करून दह्यात घेतो, आणि मग ब्रश. चिक्की, गुळाचा खडा, तिळाचा लाडू यांना उपाय नाही. संक्रांतीला यार्डात तिळगूळ देणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? मी घेत गेलो आणि सदऱ्याच्या खिशात टाकत गेलो. संध्याकाळपर्यंत खिसा, चिल्लर आणि दोन पावत्या यांचा एकच लाडू झाला होता. गोड बोलणं तेवढं पाळलं, बायको बोलेपर्यंत.

मटणाचंही लोक विचारतात. रस्सा आणि त्यात भिजलेली भाकरी बिनघोर. खिमा उत्तम. नळी फोडायची नाही, हाडाला तोंड लावायचं नाही, आणि तुकडा घेतलाच तर शिजून सुटलेला, हातानं धागे मोकळे करून. तरी धागे तारेला गुंडाळतातच. मेथी आणि शेवग्याची शेंग यांचंही तेच. मेथी बारीक चिरून डाळीत शिजवली की सुटका होते. लग्नाच्या पंगतीत जिलेबी नको आणि मठ्ठा दोनदा, असं मी वाढप्याला आधीच सांगून ठेवतो. त्याला वाटतं मला साखर झालीय, मी तसंच वाटू देतो. तारांपेक्षा साखरेला लोक जास्त मान देतात.

ब्रश आता माझ्या गल्ल्याच्या कप्प्यात असतो, शेजारी दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश आणि टोचणाऱ्या तारेवर लावायचं मेण. जेवण झालं की मी यार्डाच्या नळावर उभा राहून पाच मिनिटं घासतो. पेस्ट फ्लोराइडची. सुरुवातीला पोरं बघायला यायची, आता कुणी वळूनही बघत नाही. ब्रश करायची सोय नसेल तिथं निदान पाण्यानं खळखळून चूळ. आणि खिशात लहान आरसा ठेवावा, हे मी अनुभवानं सांगतो. व्यापाऱ्याशी दराची घासाघीस करताना तुमच्या पुढच्या दातावर कोथिंबिरीचं पान असेल तर समोरचा दर देत नाही, नुसता दाताकडे बघतो.

माझी विनंती एवढीच. आपल्या पुरवणीत पुन्हा अशी चौकट द्याल तेव्हा पदार्थ आमच्या ताटातले घ्या. शाळू, बाजरी, हुरडा, चुरमुरे, चटण्या यांतलं काय चालतं, कसं करून चालतं, हे इथल्याच दंतवैद्यांना आणि इथल्याच चार म्हाताऱ्यांना विचारून छापा. ज्या घरात पोराच्या तारांसाठी हप्त्यानं पैसे भरतात, तिथं पोराला वेगळा पास्ता कोण शिजवणार? एकाच पातेल्यातलं काढून त्याचं त्याला कसं मऊ करून द्यायचं, हे त्या माऊलीला हवंय. (माझ्या तारांना किती पैसे लागले ते इथं लिहीत नाही, घरी आपलाच पेपर येतो.)

गेल्या महिन्यात मी धीर करून माझी यादी चांगल्या अक्षरात उतरवून डॉक्टरीण बाईंकडे नेली. डाव्या हाताला काय तुटतं, मध्ये काय चिकटतं, उजवीकडे कशानं पोट भरतं. त्यांनी खुर्चीत बसून सगळी वाचली, कण्या कशा करतात ते विचारलं आणि लाल पेन काढलं. एकाच ठिकाणी काट मारली, काकवीवर. मी ती उजव्या रकान्यात लिहिली होती; पातळ आहे, चावायची नाही, असा माझा हिशेब. त्या म्हणाल्या, पातळ असली तरी साखरच, आणि चिकट. भाकरीबरोबर रोज खाल तर पुतणीसारखे चट्टे पडतील. मग त्यांनी कागदाच्या प्रती काढायला मदतनीस मुलीकडे दिला. काकवीचा निकाल मला मान्य आहे. आईला नाही. ती म्हणते, त्या डॉक्टरणीला एकदा घरी जेवायला बोलव.

आपला,
एक दिवाणजी,
मार्केट यार्ड, सांगली